शेषेरावांची पिवळी रेघ

मित्रांनो, मळणीयंत्राजवळ तुम्ही कधी उभे राहिलात तर तुमचे लक्ष आधी त्याच्या तोंडाकडे जाईल, जिथून सोयाबीनचे काड आत ओढले जाते. मग ते खाली पडणाऱ्या दाण्यांच्या धारेकडे जाईल. माझ्याकडे कुणी पाहत नाही, आणि त्यात तुमची काही चूक नाही. यंत्राच्या डाव्या अंगाला बिडाचे एक जड चाक असते, दोन गड्यांनी मिळून उचलावे असे. ते चाक ज्या दांड्यावर बसवलेले आहे, त्या दांड्याच्या टोकाला मी असतो. मी मुठीत मावेल एवढा एक जुना नट आहे. त्या चाकाने दांडा सोडून जाऊ नये, एवढे एकच काम मला दिलेले आहे.

माझा जन्म कोणत्या गावी झाला हे मला ठाऊक नाही. नटाच्या अंगावर फार तर मापाचा आकडा असतो, गावाचे नाव नसते. एवढे आठवते की आम्ही सगळे भाऊ एका लांब षटकोनी पोलादी कांबीत एकत्र झोपलो होतो. करवतीने आम्हाला वेगळे केले. मग माझ्या पोटातून आरपार भोक पाडले गेले आणि त्या भोकात एक हत्यार गोल फिरत उतरले. ते बाहेर आले तेव्हा माझ्या पोटात आटे तयार झाले होते.

आटा ही किती अद्भुत गोष्ट आहे हे मला पुढे कळले. उभ्या कड्यावर बैलगाडी चढत नाही. त्याच डोंगराला वळसे घालत रस्ता नेला तर भरलेली गाडीसुद्धा चढते. माझ्या पोटात तसाच एक घाट आहे, गोल गोल जाणारा. माणूस पाना लावून मला फिरवतो तेव्हा मी त्या घाटाने पुढे सरकतो आणि शेवटी इतका दाबून बसतो की ज्या दांड्यावर मी चढलो, तो पोलादाचा दांडाच केसाहून कमी, पण खरोखर ताणला जातो. पोलाद ताणले जाते, मित्रांनो. ते परत आखडू पाहते, आणि त्या आखडू पाहण्यातच सगळी पकड असते. माणसाच्या साध्या दोन हातांतून एवढी ओढ तयार होते, याचे मला अजून नवल वाटते.

सगळ्यात शेवटी माझ्या माथ्यावर सहा खाचा पाडल्या. त्यामुळे मी किल्ल्याच्या तटासारखा दिसतो. म्हणून माझ्या जातीला कॅसल नट म्हणतात. खाचा कशासाठी हे कुणी सांगितले नाही. मला वाटले, शोभेसाठी असतील.

तिथून मी अहमदपूरला आलो. मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, मागच्या गल्लीत शेषेरावांचे छोटे वर्कशॉप होते. डाव्या हाताच्या फळीवर पत्र्याचे डबे ओळीने मांडलेले असत आणि त्यांत आमची सगळी जमात राहत असे. साधे षटकोनी नट सर्वांत जास्त. पंखांचे नट थोडे, त्यांना पानाही लागत नाही. चाळणीचे झाकण लावायला बोटांनी फिरवले की झाले. चेक नट नेहमी जोडीने जात. एकाच बोल्टवर दोघे जण एकमेकांविरुद्ध आवळायचे. ते एकमेकांना रेटत राहतात आणि त्या रेट्यामुळे दोघांपैकी कुणालाच हलता येत नाही. अशी भांडणे उपयोगाची असतात.

माझ्या शेजारच्या डब्यात नायलॉक नट होते. त्यांच्या गळ्याशी निळ्या नायलॉनचे कडे असते. कड्याचे भोक बोल्टपेक्षा जरासे लहान. बोल्ट आत शिरताना त्या नायलॉनमध्ये दाबून स्वतःची वाट करतो आणि नायलॉन त्याला चहूबाजूंनी आवळून धरते. पण नट काढून पुन्हा लावला की कडे सैलावते, आणि फार तापले तर मऊ पडते. म्हणून शेषेराव काढलेला नायलॉक परत लावत नसत. गिऱ्हाईक म्हणे, "नवाच हाय की वो." शेषेराव म्हणत, "दिसतो नवा," आणि तो भंगाराच्या टोपलीत टाकत. त्यापेक्षा जास्त समजावून सांगणे त्यांच्या स्वभावात नव्हते.

त्यांची मुलगी पुनम तेव्हा नांदेडला कॉलेजात शिकत होती. सुटीला आली की वर्कशॉपच्या दारात स्टुलावर पुस्तक घेऊन बसायची. एका दुपारी पुस्तक मिटून तिने विचारले, "आण्णा, एवढा घट्ट आवळलेला नट आपोआप सुटतो कसा? त्याला फिरवतं कोण?"

शेषेरावांनी पत्र्याचा एक तुकडा घेतला, डब्यातून मला उचलून त्यावर ठेवले आणि पत्रा तिरपा धरला. मी घसरलो नाही. पत्र्याच्या आणि माझ्या घर्षणाने मला धरून ठेवले होते. मग ते पत्र्याला खालून बोटाने टकटक करू लागले, अगदी हलके. मी केसभर खाली आलो. पुन्हा टकटक, पुन्हा केसभर. असे करत मी पत्र्याच्या कडेला आलो आणि त्यांच्या तळहातावर पडलो.

"कोणी फिरवत न्हाई," शेषेराव म्हणाले. "थरथर दर खेपेला पकड जराशी सोडवती. तेवढ्यात हा उतारानं खाली येतो. आट्यात उतारच असतो की."

"मग त्याला उपाय?"

"उपाय लई हायेत. कोणी नायलॉन घालतं, कोणी दोन नट लावतं. ह्याला पिन लागती." त्यांनी माझ्या एका खाचेवर नख टेकवले. "पण उपायावर बी नजर पाहिजे."

मग त्यांनी पिवळ्या रंगाची डबी उघडली. बाकावर एका यंत्राचा भाग आवळून ठेवलेला होता. बोल्टच्या टोकावरून नटावर, नटावरून खालच्या लोखंडावर, अशी एक बारीक सरळ रेघ त्यांनी ब्रशने ओढली. "ही तुटलेली दिसली की समजायचं, गडी जागचा हलला."

"एवढंच?"

"एवढंच."

पुनम कितीतरी वेळ त्या रेघेकडे पाहत राहिली. मीही पाहत होतो. मोठमोठी यंत्रे आणि त्यांच्यावर पहारा करायला एक पिवळी रेघ.

पुढच्या दसऱ्याच्या आधी रामलिंग अप्पा वर्कशॉपमध्ये आले. कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, आवाज खणखणीत. त्यांनी निलंग्याच्या एका शेतकऱ्याकडून वापरलेले मळणीयंत्र आणले होते. चाकाच्या नटाचे आटे पार झिजले होते. शेषेरावांनी जुना नट काढून बाजूला ठेवला, दांडा रॉकेलने पुसला आणि मला त्यावर चढवले. लांब पान्याने त्यांनी मला आवळले तेव्हा दांडा ताणला गेल्याचे मला पहिल्यांदा जाणवले. दांड्याच्या टोकाला एक आरपार भोक होते. माझी एक खाच त्या भोकासमोर आली तेव्हा ते थांबले. एक लोखंडी पिन त्यांनी खाचेतून आत घातली, पलीकडच्या खाचेतून बाहेर काढली आणि तिचे दोन पाय दोन दिशांना वाकवले.

मित्रांनो, मला तेव्हा कळले की खाचा शोभेसाठी नव्हत्या. ती पिन मऊ लोखंडाची होती, काडीएवढी. पक्कड लावली तर कुणीही वाकवावी. तरीही तिच्यामुळे मी आता फिरूच शकत नव्हतो. पिन एकदाच वापरायची असते. दर वेळी जुनी काढून टाकायची आणि नवी घालायची. मी इतकी वर्षे टिकलो, पण माझ्यासाठी किती पिना मोडीत गेल्या याचा विचार आला की मी बळकट आहे असे म्हणायला माझी जीभ वळत नाही.

शेवटी शेषेरावांनी पिवळी रेघ ओढली. अप्पा मांडीवर हात मारून हसले. "काय शेषेराव, यंत्राला टिळा लावून राहिलाव का?"

शेषेराव डबीचे झाकण लावता लावता म्हणाले, "हाव, टिळाच समजा."

मला तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही.

मग माझी कामाची वर्षे सुरू झाली. यंत्र पहिल्यांदा भरात आले तो क्षण मी विसरू शकत नाही. ट्रॅक्टरने दांडा फिरवला, आतला ड्रम फिरू लागला, चाकाने वेग धरला आणि मला दिशाच उरल्या नाहीत. सेकंदाला नऊ फेरे. दिवसभरात अडीच लाखांच्या आसपास. चाकात इतका वेग साठतो की काडाची पेंढी अडकली तरी ड्रम थांबत नाही. चाक आपला साठवलेला वेग त्याला देते. जमीन हादरते, पत्रा वाजतो, भुसा ढगासारखा उडतो, आणि त्या सगळ्या गदारोळातून दाणे मात्र शांतपणे, एका धारेत बाहेर येतात. क्षणापूर्वी ते शेंगेत होते. मी प्रत्येक हंगामात ते पाहिले आणि प्रत्येक हंगामात थक्क झालो.

यंत्राच्या तोंडाशी साखराबाई उभ्या राहत. साडीवर पुरुषी सदरा, तोंडाला फडके, पदर कमरेला घट्ट खोचलेला. काड आत सारायचे काम त्यांचे. त्यांच्यापासून मी दीड हातावर होतो. चाकाने दांडा सोडलाच असता, तर त्याच्या वाटेत पहिल्यांदा साखराबाई आल्या असत्या. हे मला माहीत होते, शेषेरावांना माहीत होते. ते महिन्याकाठी मोटारसायकलवरून येत, थांबलेल्या यंत्राभोवती एक फेरी मारत, सगळ्या रेघा डोळ्यांखालून घालत आणि चहा पिऊन निघून जात. लोकांना वाटे, ते चहाला येतात.

दर वर्षी खंडेनवमीच्या आधी अप्पा यंत्राला लाल रंग देत. रंगाखाली जुन्या रेघा झाकल्या जात. खंडेनवमीला पाना, हातोडा, पक्कड, सगळे पोत्यावर मांडून हळदकुंकू वाहायचे, त्या दिवशी हत्याराला कामासाठी हात लावायचा नाही. शेषेराव नेमके त्याच दिवशी डबी घेऊन येत, कारण रंग तोवर वाळलेला असे. कुणी टोकले की म्हणत, "ब्रश काय हत्यार हाय का?" इकडे उदबत्ती लागलेली, नारळ फुटलेला, आणि तिकडे शेषेराव एकेका नटावर रेघ ओढत आहेत. दहा वर्षांत पाहणाऱ्यांच्या मनात पूजा आणि रेघ एक होऊन गेली.

हंगाम नसे तेव्हा आम्ही पत्र्याच्या शेडमध्ये पडून असायचो. कोंबड्या ड्रमवर अंडी घालत. पावसाळ्यात माझ्या कडांना गंज चढे. कुणी विचारत नसे, आणि मला त्याचे दुःखही नव्हते. न विचारले जाणे हे नटाच्या नशिबी असतेच. फक्त महिन्याकाठी मोटारसायकलचा आवाज यायचा.

गेल्या श्रावणात तो आला नाही. भाद्रपदातही आला नाही. मग एक दिवस शेडमध्ये अप्पा कुणाला तरी सांगत होते, "शेषेराव गेले. झोपेतच. सकाळी पुनमची माय चहा घेऊन गेली तर..." नटाला रडता येत नाही. मी दांड्यावर होतो तसाच बसून राहिलो.

त्याच महिन्यात दांड्याचे बेअरिंग वाजू लागले. अहमदपुरात दुसरे मिस्त्री होते. पण अप्पा म्हणाले, "दहा वरसं एकाच माणसाचा हात लागलाय ह्याला. इतक्यात दुसऱ्याला कसं बोलवू?" आणि त्यांनी ते काम स्वतः करायला घेतले. त्यांनी माझी पिन सरळ करून ओढली, ती तुटली. मला काढले, एक गडी हाताशी घेऊन चाक काढले, बेअरिंग बदलले, सगळे पुन्हा जागेवर बसवले. पिन नव्हती. म्हणून माझ्या खाचेतून दोन इंची खिळा घातला. मित्रांनो, खिळा पिनेपेक्षा जाड आणि कडक असतो. पण त्याला दोन पाय नसतात. त्याला पलीकडून वाकवून अडकवता येत नाही, आणि अप्पांनी तो नुसता ठोकून ठेवला होता.

नंतर त्यांनी यंत्राला लाल रंग दिला. खिळ्याचे डोके रंगात बुडाले. खंडेनवमीला पूजा झाली. अप्पा थोडा वेळ थांबले, घरातून पिवळ्या रंगाची डबी घेऊन आले आणि गुडघे टेकून, हळूहळू, प्रत्येक नटावर त्यांनी स्वतः रेघ ओढली. रेघ सुरेख आली. ती माझ्या कपाळावर होती आणि माझ्या पोटात खिळा होता.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी यंत्र अप्पांच्याच शेतात लागले. सोयाबीन कापून ढीग घातलेला होता. पहिल्या दिवशी दुपारी रंगाची पापडी तडकली आणि खिळा हलू लागला. तासाभरात तो भुशात उडून गेला. कुणाला दिसले नाही. त्यानंतर मला धरणारे काही नव्हते.

मला कुणी ढकलले नाही. नुसती थरथर होती. दर थरथरीला पकड सुटत होती आणि परत लागत होती, आणि परत लागताना मी आधीच्या जागी नव्हतो. मला पत्र्याचा तो तुकडा आठवला. पोटातल्या ज्या घाटाचा मला अभिमान होता, त्याच घाटाने मी खाली उतरत होतो. शेजारी साखराबाई काड सारत होत्या आणि कुठलेसे गाणे गुणगुणत होत्या. मला ओरडता येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र पुसताना त्या माझ्याजवळ थांबल्या. "मालक, हितली रेघ वाकडी झालीया."

अप्पा ट्रॅक्टरमध्ये डिझेल ओतत होते. तिथूनच म्हणाले, "रंग वला असंल. ओघळला आसंल."

"समद्या सरळ हायेत. हीच वाकडी."

"मंग तुझ्यासारखीच हाय ती. चल, आभाळ येऊन राहिलंय."

साखराबाई हसल्या आणि फडके तोंडाला बांधून उभ्या राहिल्या. यंत्र सुरू झाले.

दुपारी भाकरीसाठी यंत्र थांबले तेव्हा बांधावरून पुनम येताना दिसली. ती आता नांदेडला एका शाळेत शिकवते. तिच्या हातात पोत्यात गुंडाळलेली चाळणी होती. अप्पांनी उन्हाळ्यात तिच्या वडिलांकडे दुरुस्तीला दिलेली ती चाळणी त्यांच्या घराच्या ओसरीवर राहून गेली होती. ती पोचवायला ती आली होती.

"ये माय, बस," अप्पा उठून उभे राहिले. "सावलीला ये. भाकरी खा. आन् हे बघ, तुझ्या बापाचा मान म्या राखला. सगळ्या रेघा ओढल्या. एक बी सोडली न्हाई."

पुनमने चाळणी खाली ठेवली. ती यंत्राभोवती फिरू लागली, तिचे वडील फिरायचे तशीच, हात पाठीमागे बांधून. ते तिला माहीत नसावे. एकेका रेघेपाशी ती थांबत होती. माझ्यापाशी आली आणि पुढे गेली नाही.

दांड्यावरची रेघ एकीकडे होती. माझ्यावरची तिच्यापासून दोन बोटे दूर गेली होती.

"अप्पा, ह्याची पिन कुठंय?"

"पिन तुटली व्हती. खिळा घातलाय की, चांगला दोन इंची."

"इथं काही नाही."

अप्पा जवळ आले. त्यांनी खाचेत बोट घालून पाहिले. "पडला आसंल. थांब, दुसरा ठोकतो. पाच मिन्टाचं काम हाय. आभाळ बघ कसं आलंय, ढीग उघडा हाय."

"अप्पा, आधी रेघ बघा."

"पुसटली आसंल माय."

"पुसटली न्हाई," भाकरी हातात घेऊनच साखराबाई म्हणाल्या. "काल सांजच्याला वाईच सरकली व्हती. सकाळी जास्ती. आता बगा कुठं गेलीया. म्या म्हनले तर मला वाकडी म्हनले."

पुनमने माझ्यावर अंगठा आणि दोन बोटे ठेवली. पाना नाही, काही नाही. तिने हलकेच फिरवले आणि मी फिरलो.

अप्पांनी चाकाकडे पाहिले, मग साखराबाई उभ्या राहायच्या त्या जागेकडे, मग पुन्हा चाकाकडे. ते काडाच्या ढिगावर खाली बसले.

"माय, म्या तर टिळा म्हणून ओढून राहिलो व्हतो," ते म्हणाले. "पूजेचं आसंल म्हणून. म्या इचारलं व्हतं शेषेरावाला. ते म्हणले, टिळाच समजा."

पुनमच्या चेहऱ्यावर हसू आले आणि तिने तोंड दुसरीकडे फिरवले. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आण्णांनी मला सांगितलं होतं. एकदाच. बाकी कुणाला सांगितलं असेल असं मी धरून चालले." मग तिने अप्पांना आणि साखराबाईंना रेघ कशाची असते ते सांगितले. दोन वाक्यांत सांगून झाले.

पश्चिमेकडून गार वारा सुटला. अप्पा उठले. "तोवर खिळा ठोकून तेवढा ढीग काढू. मंग उद्या पिन आणतो."

"नाही."

"भिजंल सगळं, पुनम."

"भिजू द्या, अप्पा. मावशी तिथं उभ्या राहतात."

पुनमने पर्समधून एक किल्ली काढली. "ही वर्कशॉपची. डाव्या हाताला फळी आहे. निळ्या झाकणाच्या डब्यात पिना आहेत. सगळ्या मापांच्या घेऊन या."

"तू बी चल की संगं. तुला जागा ठावी."

"मी अजून उघडलं नाही ते," पुनम म्हणाली. "तुम्ही उघडा."

अप्पांनी किल्ली दोन्ही हातांनी घेतली आणि मोटारसायकल काढली. इकडे पुनम आणि साखराबाईंनी ढिगावर ताडपत्री ओढली. ती अर्ध्याच ढिगाला पुरली. पाऊस आला, मोठा नव्हता, पण टपोरा. दोघी ताडपत्रीची टोके धरून बसल्या.

"तुजा बाप मला सारखं म्हनायचा," साखराबाई म्हणाल्या, "साखराबाई, चाकाच्या रेषेत उभी ऱ्हाऊ नको. म्या म्हनायची, मंग काड कुटून सारू, तुमच्या डोस्क्यावरून का? आसं हसायचा..."

"हसायचे?"

"लई. डोळं पुसायचा हसताना."

पुनमने ताडपत्रीचे टोक जवळ ओढून घेतले. मग म्हणाली, "अजून काय म्हणायचे?" आणि साखराबाई सांगत राहिल्या.

अप्पा परतले तेव्हा पाऊस थांबला होता. खिशातून त्यांनी कागदात बांधलेल्या पिना काढल्या, किल्ली पुनमच्या हातावर ठेवली. "सगळं जागच्या जागी हाय माय. म्या पिनांबिगर कशाला हात लावला न्हाई."

मग अप्पांनी मला आवळले. दांडा पुन्हा ताणला गेला. खाच भोकासमोर आली नव्हती. अप्पा मला थोडे मागे घेऊ लागले. "मागं नाही," पुनम म्हणाली, "पुढची खाच येईपर्यंत अजून आवळा." त्यांनी पान्यावर भार दिला आणि पुढची खाच भोकासमोर आली. पुनमने पिन उचलली आणि साखराबाईंपुढे धरली.

"म्या कशाला? मालक हायेत की."

"चाकापाशी तुम्ही उभ्या राहता, मावशी."

साखराबाईंनी पदराला हात पुसले. पिन आत सारली. पक्कड घेऊन तिचे पाय वाकवले, एक इकडे, एक तिकडे. जुनी रेघ घासून काढून तिथे नवी ओढली, ती त्यांच्याच हाताने. ती शेषेरावांच्या रेघेइतकी बारीक नव्हती, पण माझ्यावरून दांड्यापर्यंत अखंड गेली. पुनमने ठरवून दिले की यंत्र सुरू करण्याआधी साखराबाई सगळ्या रेघा पाहतील, आणि त्यांनी हात वर केल्याशिवाय ट्रॅक्टरला चावी लागणार नाही.

"म्हंजी आजपासून मालकीण साखराबाई," अप्पा म्हणाले.

"मंग च्या तुमी करा," साखराबाई म्हणाल्या.

ढिगाचा एक भाग भिजला होता. तो वेगळा काढून उन्हासाठी ठेवावा लागला. अप्पांनी तो स्वतःच पसरला.

मित्रांनो, मी एक लोखंडी तुकडा आहे. नायलॉनचे कडे असो, जोडीचा नट असो की काडीएवढी पिन, आम्हाला जागेवर ठेवण्याच्या युक्त्या माणसांनी शोधल्या आहेत आणि त्या खरोखर थक्क करणाऱ्या आहेत. पण नट सुटताना आवाज करत नाही. म्हणून तुमच्या सायकलच्या चाकाला, शाळेतल्या झोपाळ्याला, शेतातल्या यंत्राला कुठे पिन नसेल, कुठे रेघ जुळत नसेल, तर लहान आहोत म्हणून गप्प राहू नका. मोठ्यांनी हसून घालवले तर पुन्हा सांगा. आणि तुम्हाला एखादी गोष्ट कळत असेल, तर त्या गोष्टीजवळ जी व्यक्ती उभी असते, तिला ती समजावून सांगा. आपल्याला कळते, म्हणजे सगळ्यांना कळत असेल, असे धरून चालू नका.

त्या दुपारी अप्पा ट्रॅक्टरवर बसून वाट पाहत होते. पुनम बांधावर उभी होती. साखराबाई एका टोकापासून निघाल्या. एकेक रेघ पाहत, घाई न करता, त्या माझ्यापर्यंत आल्या. माझ्याकडे त्यांनी सगळ्यात जास्त वेळ पाहिले. मग त्या आपल्या जागी गेल्या, फडके तोंडाला बांधले आणि हात वर केला.